बावीस पोती पाला

आमच्या खिडकीखालची जमीन बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे. मी ती तीन वेळा मोजली आणि तिन्ही वेळा माप वेगळं आलं, पण सोसायटीच्या कागदावर बारा बाय आठ असल्यामुळे तेच खरं. मी एकतीस वर्षं अभिलेख कक्षात काढली आहेत. अभिलेख कक्ष म्हणजे कार्यालयातल्या जुन्या फायली ठेवायची खोली. लोक तिला अडगळ म्हणतात, त्यांना कोण समजावणार. तिथे माझं काम एकच होतं: कागद कुजू द्यायचा नाही. ओल, वाळवी, कसर, झुरळं आणि उंदीर हे आमचे पाच शत्रू, आणि सहावे वरिष्ठ. माझ्या कारकिर्दीत ओल लागून एकही फाईल गेली नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगत नाही, निरोपसमारंभात साहेबांनीच दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मी आठवण करून दिल्यावर सांगितलं, पण सांगितलं.

तर ती जमीन. इमारत बांधून झाल्यावर उरलेल्या विटा, खडी, फुटके पाइप आणि एक अख्खा बूट बिल्डरने तिथेच गाडला आणि वरून दोन बोटं माती पसरली. बूट मी स्वतः खणून काढला आहे. माझ्या बायकोने आजवर तिथे अकरा रोपं लावली. अकराही गेली. पुदिनासुद्धा गेला, आणि पुदिना मरायला फार मेहनत लागते म्हणतात.

गेल्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी विषय काढला, की ज्या अर्थी तिथे काही उगवत नाही, त्या अर्थी तिथे फरशी टाकावी. सहा स्कूटर आरामात राहतील. अध्यक्षांच्या घरातच तीन स्कूटर आहेत, तेव्हा कोणाचा आराम ते कळतच होतं. मी सभेत सहसा बोलत नाही. सहीपुरता जातो आणि चहापुरता थांबतो. पण त्या दिवशी म्हणालो, "त्या खिडकीत माझी आई बसते."

"मग उत्तमच की," अध्यक्ष म्हणाले. "त्यांना वर्दळ दिसेल. वेळ जाईल."

आई चौऱ्याऐंशीची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य गेलं तिचं. माकडहाड मोडल्यापासून वॉकर धरून पलंगापासून खिडकीतल्या खुर्चीपर्यंत येते आणि खुर्चीपासून पलंगापर्यंत जाते, एवढंच तिचं जग. त्या जगाला खिडकी एकच. हे मी सभेत बोललो नाही, बोलायला हवं होतं. त्याऐवजी उठून उभा राहिलो आणि भलतंच बोलून बसलो: "पुढच्या वार्षिक सभेला त्या जमिनीतलं फूल या टेबलावर ठेवीन. नाही ठेवलं, तर खुशाल फरशी टाका."

अध्यक्षांनी ते स्वतःच्या हाताने इतिवृत्तात लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्याखाली माझी सही घेतली. एकतीस वर्षं मी लोकांच्या सह्या जपल्या, पण सही करण्याआधी वाचावं हे मला तेव्हा आठवलं नाही. घरी सांगितल्यावर बायको पोळपाट खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही? फुलं?" एवढंच.

आईने मात्र सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "मला फुलांची हौस नाही रे. पण दिवसभर स्कूटरींच्या सीटांकडे बघत बसायचं असेल, तर माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेव. भिंत निदान हॉर्न तरी वाजवत नाही."

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात, ते टक्केवारीशिवाय बोलत नाहीत. त्यांनी चिमूटभर माती उचलली, प्रकाशात धरली आणि म्हणाले, "सेंद्रिय द्रव्य शून्य पूर्णांक तीन टक्के."

"नुसतं बघून?"

"बघून ऐंशी टक्के कळतं," ते म्हणाले. "झाडांचा गळलेला पाला कुजवा आणि यात मिसळा. दुसरा उपाय नाही."

त्यांच्याही वर हेडबाई राहतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, पण शाळेला अजून ते पटलेलं नाही असा त्यांचा समज आहे. त्यांनी मला पालापाचोळ्याच्या खताविषयीचं एक माहितीपत्रक दिलं आणि दोन दिवसांनी जिन्यात गाठून त्यावर प्रश्न विचारले. मला तीनपैकी दोन आले.

आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोठी झाडं आहेत. पानगळीत रस्ता दिसत नाही एवढा पाला पडतो, आणि तो झाडायला नगरपालिकेच्या एक मावशी येतात. बारीक अंगाच्या, कमरेला पदर खोचलेल्या, झाडू उंचीला त्यांच्याएवढाच. मी सकाळी खाली जाऊन त्यांना विचारलं, "मावशी, हा पाला मला मिळेल का?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "काय पडलंय यात साहेब? अंगठी?"

"नाही, पालाच हवाय."

"पालाच?"

"पालाच."

"घरी बाईंना माहीत आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग न्या की. पोतं आणा आणि भरा."

इथेच मी पोतं आणून भरलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण रस्ता नगरपालिकेचा, झाडं नगरपालिकेची, तेव्हा पानंही नगरपालिकेचीच. उद्या कोणी विचारलं, तर माझ्याकडे कागद नको? मावशी म्हणाल्या, "कोण विचारतंय?" मी म्हणालो, "तोच तर प्रश्न आहे." आणि अर्ज करायला गेलो.

वॉर्ड ऑफिसात सात नंबरच्या खिडकीवर एक कारकून होता. त्याने माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि एक कागद पुढे सरकवला. "हा कचरा देण्याचा अर्ज."

"मला द्यायचा नाही, न्यायचा आहे."

"न्यायचा अर्ज नाही."

"मग मी काय करू?"

"नेऊ नका," तो म्हणाला.

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला भरून आलं. त्याच्या जागी मी असतो, तर अगदी हेच बोललो असतो, फक्त आवाज जरा चढवून. त्या खिडकीवर मी पाच वेळा गेलो. दुसऱ्या खेपेला त्याने मला बसायला सांगितलं, तिसऱ्या खेपेला आमचं फायलींच्या फितींवर बोलणं झालं, आणि चौथ्या खेपेला त्याने स्वतःच एक अर्ज तयार केला: "वाळलेला पाला उचलण्याबाबत." किती पोती असं विचारल्यावर मी वीस म्हणालो. तो पेन थांबवून म्हणाला, "गोल आकडा नको, तपासणीत उगीच नजरेला येतो. बावीस लिहू." पाचव्या खेपेला शिक्का मिळाला. असा माणूस आपल्या हाताखाली असता, तर अभिलेख कक्ष कुठल्या कुठे गेला असता.

तोवर पानगळ ओसरत आली होती. मावशींनी माझ्यासाठी बावीस पोती भरतील एवढा ढीग राखून ठेवला होता. "बाकीचा?" मी विचारलं.

"तुम्ही कागद आणेपर्यंत तो काय तुमची वाट बघत बसणार? नेहमीसारखा मागे टाकला." मागे म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. माझ्या परवान्यात तो येत नव्हता.

बावीस पोती मागच्या व्हरांड्यात ओळीने लावली. पत्रकात लिहिलं होतं: पोत्याला भोकं पाडा, माफक ओलावा ठेवा आणि सहा-आठ महिने विसरून जा. यातली भोकं मी पाडली. विसरणं मला जमत नाही, त्या कामाचाच मी एकतीस वर्षं पगार घेतला आहे. मी एक रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक, आवक दिनांक, झाडाचा प्रकार, वजन आणि शेरा असे पाच रकाने. प्रत्येक पोत्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर.

राहिला ओलावा. पहिल्या पोत्यावर मी पाणी शिंपडलं आणि दोन दिवसांनी आत हात घातला. आत कोमट, दमट आणि एक वास. तो वास मी ओळखतो. बदली होऊन गेलेल्या एका माणसाच्या काळात आमच्या तळघरात तो आला होता, आणि त्यापायी एक चौकशी आणि दोन कारणे दाखवा नोटिसा निघाल्या होत्या. पत्रक काय म्हणतं, ते मला त्या क्षणी आठवत होतं, पण हात ऐकेनात. मी ते पोतं उपसलं, मोठी पानं कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावली आणि बारीक पानं चादरीवर पसरली.

वरून हेडबाईंनी वाकून विचारलं, "काय वाळवताय?"

"कुजवायची पानं," मी म्हणालो.

"बरं," असं म्हणून त्या आत गेल्या. संध्याकाळी दूधवालाही माझ्याशी फार हळुवारपणे बोलला.

त्यानंतर मी ओलाव्याचं प्रमाण स्वतःच ठरवलं. आमच्या खात्यात माफक ओलावा म्हणजे अजिबात नाही. आणि एके दिवशी पाचव्या पोत्यात मला एक किडा दिसला. एवढासा, तपकिरी. पुढे काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. मी विचार केला नाही, एवढं नक्की. उठलो, कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा पुडा काढला आणि एका पोत्याला चार या हिशेबाने अठ्ठ्याऐंशी गोळ्या घालून मोकळा झालो. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

सात महिने असे गेले. दर सोमवारी मी पोती तपासायचो आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचो, "स्थिती उत्तम." रोज सकाळी चहाच्या वेळी आई विचारायची, "आज कुजलं का रे?" आणि मी सांगायचो, "प्रक्रिया सुरू आहे." ती मान हलवायची. एक्स्चेंजमध्ये लाइन लागत नसली की गिऱ्हाइकाला हेच सांगायचं असतं, असं ती एकदा म्हणाली होती.

सभेला दोन महिने राहिले, तेव्हा एका रविवारी पोती उघडायचं ठरलं. बायको, इंजिनिअर आणि हेडबाई व्हरांड्यात जमले. आई वॉकर धरून दारापर्यंत आली, म्हणजे तिच्या जगाच्या पार बाहेर. कोणी बोलावलेलं नसताना अध्यक्षही आले, हातात फरशीचे दोन नमुने घेऊन. मी एक नंबरच्या पोत्याची गाठ सोडली आणि ते चादरीवर उलटं केलं.

पानं खळखळत बाहेर आली. भरली त्या दिवशी जशी होती, त्याहूनही टवटवीत दिसत होती. एकही पान फाटलेलं नव्हतं.

इंजिनिअरांनी एक पान उचलून नखाने टिचकी मारली. "खडखडीत. जतन शंभर टक्के."

हेडबाईंनी नाकाला रुमाल लावला. "माझ्या लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेचा वास येतोय."

बायकोने ढिगात हात घालून एक पांढरी गोळी बाहेर काढली आणि बोटांत धरून माझ्यासमोर उभी राहिली. "हे काय?"

"कीड लागू नये म्हणून," मी म्हणालो.

मग हेडबाईंनी वर्गात विचारतात तशा सावकाश विचारलं, "पाला कशाने कुजतो?"

"ओलाव्याने," मी म्हणालो. "आणि... किड्यांनी."

"बसा," हेडबाई म्हणाल्या. मी बसलो.

अध्यक्षांनी दोन्ही नमुने माझ्यापुढे धरले. "राखाडी की लाल? तुमच्या समोरच येणार, तर तुमचीच आवड विचारतो." माझा अपमान आजवर पुष्कळांनी केला आहे, पण माझी आवड विचारून कोणी केला नव्हता.

आई वॉकर वळवून आत गेली. थोड्या वेळाने बायको मला येऊन म्हणाली, "आईंनी खुर्ची फिरवून घेतली. भिंतीकडे. म्हणतात, आत्तापासून सवय करते." मी खोलीत डोकावलो. आई पाठमोरी बसली होती, आणि भिंतीवर काहीही नव्हतं. मला रडू आलं. निवृत्त माणसाला व्हरांड्यात पानांच्या ढिगाशेजारी बसून रडताना कोणी बघू नये म्हणून मी रजिस्टर तोंडासमोर धरलं. त्यात पानोपानी लिहिलं होतं, स्थिती उत्तम.

दुसऱ्या दिवशी मावशींना ही बातमी रस्त्यावरच कळली. त्या थेट व्हरांड्यात आल्या, दोन पोत्यांत हात घातला आणि झाडू आडवा टाकून त्याच्यावर बसून हसल्या. पदराने डोळे पुसल्यावर म्हणाल्या, "चला माझ्यासोबत."

इमारतीच्या मागे पंपाची खोली आहे. तिच्यामागे टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप उतरतो आणि रोज ठिबकतो. त्या पाइपाबद्दल मी अध्यक्षांकडे नऊ लेखी तक्रारी केल्या होत्या, पण तिथे प्रत्यक्ष जाऊन मी कधी बघितलं नव्हतं. तक्रारीला त्याची गरज नव्हती. पाइपाखाली कमरेएवढा ढीग होता. मावशींनी झाडूच्या दांड्याने वरचा पाला बाजूला केला. खाली काळंभोर, भुसभुशीत, मऊ असं काहीतरी होतं. मुठीत घेतलं तर दाबलं जायचं आणि सोडलं की मोकळं व्हायचं. त्यात गांडुळं होती. वास मात्र तळघराचा नव्हता, चांगल्या मातीचा होता.

"किती वर्षं टाकताय इथे?"

"पाच-सहा. गाडी भरून गेली की उरलेला इथे. डब्यातलं खरकटं पण." त्यांनी आवाज खाली आणला. "अध्यक्षांना सांगू नका."

मी नऊ तक्रारी करून, एक परवाना मिळवून, बावीस पोती वाळवून आणि अठ्ठ्याऐंशी गोळ्या घालून जे केलं नाही, ते एका गळक्या पाइपाने, एका अध्यक्षांच्या आळशीपणाने आणि मावशींच्या कंटाळ्याने केलं होतं. कोणीही लक्ष दिलं नव्हतं, हीच त्यातली खुबी होती. मला थोडं वाईट वाटलं, कारण लक्ष देणं एवढंच मला येतं.

ते खत बादल्यांनी पुढे आणायचं होतं, आणि वाट अध्यक्षांच्या खिडकीखालून जात होती. शिवाय माझ्या परवान्यावर "वाळलेला पाला" असं स्पष्ट लिहिलेलं, आणि हा तर ओला. पहिली बादली मी दोनदा उचलून खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी कागदाशिवाय एखादी वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेत होतो. सहाव्या बादलीला बायको म्हणाली, "शीळ काय वाजवताय?" मी वाजवत होतो, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चार दिवस आम्ही खणलं, विटा काढल्या, खत मिसळलं. इंजिनिअर पायरीवर बसून किती टक्के झालं ते सांगत होते. मग बायकोने झेंडू आणि शेवंतीचं बी पेरलं. त्यातलं काही उगवलं नाही. बियाण्यांची पाकिटं मी वर्षभर कपाटात नीट जपून ठेवली होती. नीट म्हणजे कशी, ते आता वेगळं सांगायला नको. बायकोने पाकिटाचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

दहाव्या दिवशी सकाळी आईच्या खोलीतून वॉकर सरकल्याचा आवाज आला. मी धावत गेलो, तर खुर्ची खिडकीकडे वळवलेली होती. कशी वळवली तिची तीच जाणे. "अरे, डाव्या कोपऱ्यात काहीतरी आलंय," ती म्हणाली. "दोन जाड पानं. तुझ्या बायकोने लावलेलं नाही, मी रोज मोजत होते."

"भिंतीकडे तोंड करून?"

"भिंतीकडे पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बघितलं. नंतर रोज मान वळवून खिडकीतून बघत होते, आज मान दुखायला लागली," आई म्हणाली.

ते भोपळ्याचं रोप होतं, मावशींच्या डब्यातल्या खरकट्यातून आलेलं. ते असं वाढलं, की बघता बघता त्याचा वेल झाला, वेल खिडकीच्या गजांना लागला, आणि आईला सकाळपासून काम झालं. काल इथवर होता, आज तिथवर गेला. सभेच्या आदल्या दिवशी एका कळीवर पिवळा रंग चढला. बाकीच्या अजून हिरव्या होत्या, त्यांना आठवडा तरी लागणार होता. इंजिनिअरांनी तपासून सांगितलं, "उद्या पहाटे उमलणार. आणि साडेअकरापर्यंत शंभर टक्के मिटणार. भोपळ्याचं फूल एवढंच टिकतं."

सभा सकाळी दहाची होती.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी कात्री घेऊन खिडकीखाली गेलो. फूल उमललं होतं. तळहाताएवढं, आणि पिवळं म्हणजे किती पिवळं. आतल्या बाजूला आई चष्मा लावून, गजांना नाक टेकवून बघत होती. आत एक मधमाशी शिरली होती.

"आई, ते मला न्यावं लागेल," मी म्हणालो.

"माहीत आहे. ने," ती म्हणाली. "फक्त ती माशी बाहेर येऊ दे."

माशी बाहेर आली. आईने चष्मा काढला नाही. हे सगळं ज्या खिडकीसाठी चाललं होतं, त्याच खिडकीतलं एकुलतं एक फूल कापून मी ते स्कूटरवाल्या माणसाला दाखवायला नेणार होतो. मी कात्री खिशात घातली आणि रिकाम्या हाताने सभेला गेलो.

सभा तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत होती. अध्यक्षांनी वार्षिक अहवाल वाचायला घेतला. लिफ्ट, जिन्यातले दिवे, कचऱ्याचे डबे. आमचा विषय आठवा होता. सव्वादहाला बायको दारात येऊन उभी राहिली. घराच्या दारातून तिच्यापर्यंत आणि तिच्याकडून माझ्यापर्यंत आईचे निरोप सुरू झाले. आईने एक्स्चेंजचा आवाज काढला होता, तो इथपर्यंत थेटही ऐकू येत होता. "पूर्ण उघडं आहे." साडेदहाला, "पूर्ण उघडं आहे." पावणेअकराला अध्यक्ष म्हणाले, "आणि कळवायला आनंद होतो, की टाकीच्या ओव्हरफ्लोची गळती अखेर बंद करण्यात आली आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गळतीवरच मागचा ढीग कुजत होता, पण मीही वाजवल्या, तक्रारी माझ्याच होत्या ना.

"कडा वळायला लागल्या," दारातून निरोप आला.

अकरा वाजता आठवा विषय निघाला. अध्यक्षांनी टेबलावरून हात फिरवला. "टेबल तर रिकामं दिसतंय."

मी उभा राहिलो. "फूल आलंय. खिडकीत आहे. मी तोडलं नाही."

"का?"

"आई बघते आहे," मी म्हणालो.

"पण टेबलावर नाही."

"नाही."

"मग विषय संपला," असं म्हणून त्यांनी पेन उचललं.

"थांबा," हेडबाई मागच्या रांगेतून म्हणाल्या. "गेल्या वर्षीचं इतिवृत्त वाचा. स्पष्ट आवाजात."

अध्यक्षांनी वाचलं: "सदर सभासद पुढील वार्षिक सभेस त्या जमिनीतील फूल या टेबलावर ठेवतील."

"टेबल कुठे असावं, ते लिहिलंय का?"

अध्यक्षांनी कागद मागेपुढे करून पाहिला. अक्षर त्यांचंच होतं. इंजिनिअर म्हणाले, "शून्य टक्के लिहिलंय," आणि उठून टेबलाची एक कड धरली.

आयुष्यभर मी इतिवृत्तं सांभाळली, पण एखाद्या इतिवृत्ताने मला सांभाळल्याची ही पहिलीच वेळ. मी दुसरी कड धरली. टेबल लोखंडी, जुनं, सहा माणसांचं. त्यावर अहवाल, घंटी आणि पाण्याचा ग्लास होता. ग्लास तेवढा अध्यक्षांनी उचलून हातात घेतला, ते सांडेल म्हणून. दारात टेबल अडकलं. आडवं केलं, अडकलं. उभं केलं, माझं बोट अडकलं. "अर्धं मिटलं," आईचा आवाज आला. मावशी रस्त्यावरून आत आल्या, त्यांनी टेबलाला खालून एक हिसका दिला आणि ते बाहेर पडलं. मग इमारतीला वळसा घालून बायको, मी, इंजिनिअर, मावशी, मागे घंटी घेऊन हेडबाई, आणि सगळ्यांच्या मागे ग्लास घेऊन अध्यक्ष अशी ती सभा खिडकीकडे निघाली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी टेबल खिडकीखाली टेकलं. मी वेलाचं लोंबतं टोक अलगद उचललं आणि ते फूल न तोडताच टेबलावर ठेवलं. ते मिटायला आलं होतं, पण होतं. सगळे बघत होते. तेवढ्यात टेबल हळूहळू खाली जायला लागलं. चारही पाय मातीत रुतले, चांगली चार बोटं. जिथे वर्षभरापूर्वी पहार आत जात नव्हती, तिथे.

अध्यक्षांनी टेबल ओढून बघितलं. ते निघेना. मग त्यांनी खाली वाकून पायाजवळची माती बोटांनी चाचपली, पुन्हा चाचपली. मातीत इतकं काय बघत होते कोण जाणे. शेवटी त्यांनी रुतलेल्या टेबलावरच कागद ठेवून लिहिलं, "अट पूर्ण. फरशीचा विषय रद्द," आणि सही केली.

"अध्यक्ष," आई आतून म्हणाली, "जरा बाजूला व्हा. मला दिसत नाही."

अध्यक्ष बाजूला झाले.

त्यानंतरच्या सोमवारी मी बावीस पोत्यांतल्या अठ्ठ्याऐंशी गोळ्या मोजून बाहेर काढल्या. पोती महिनाभर उघडी ठेवली आणि वास गेल्यावर नळी लावली. पाणी सोडताना मी डोळे मिटून घेतले होते, नळी बायकोने धरली होती. परवान्याची मुदत वाढवायला सात नंबरच्या खिडकीवर गेलो, तेव्हा कारकुनाने विचारलं, "पाला सुस्थितीत आहे ना?" मी नाही म्हणालो. तो कळवळला.

आई रोज विचारत राहिली. परवा सकाळी चहा घेताना तिने पुन्हा विचारलं, "आज कुजलं का रे?" मी व्हरांड्यात गेलो, एक नंबरच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर काळं बाहेर काढलं. मग हात धुतले, रजिस्टर घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "पूर्णपणे कुजले." असा शेरा मी एकतीस वर्षांत एकदाही लिहिला नव्हता. लिहिला असता, तर त्याच दिवशी घरी बसलो असतो. खाली तारीख टाकून सही केली. आईने रजिस्टर मागून घेतलं, चष्मा लावून तो शेरा दोनदा वाचला आणि माझ्या बायकोला म्हणाली, "अक्षर छान आलंय याचं."